उत्तर की दक्षिण? जर्मनीची दुसरी बास्केटबॉल लीग कशी चालते

१९९७-९८ च्या हंगामात जर्मनीतल्या व्युर्ट्सबर्ग शहराच्या डीजेके क्लबकडून एकोणीस वर्षांचा एक उंचापुरा मुलगा सामन्यामागे सरासरी २८.२ गुण मिळवत होता. त्याचं नाव डर्क नोवित्स्की. २९ मार्च १९९८ ला सॅन अँटोनियोत जगभरातून निवडलेल्या तरुण खेळाडूंच्या संघाकडून खेळताना त्याने अमेरिकन मुलांविरुद्ध ३३ गुण आणि १४ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) घेतले. जूनमध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या निवडीत नवव्या क्रमांकावर त्याचं नाव पुकारलं गेलं आणि पुढे तो डॅलसकडून एकवीस हंगाम खेळला. एवढी गोष्ट बास्केटबॉल पाहणाऱ्या बहुतेकांना पाठ असते. पण त्या २८.२ गुणांच्या वेळी तो जर्मनीच्या पहिल्या लीगमध्ये नव्हताच, हे फार थोड्यांना माहीत असतं. तो खेळत होता दुसऱ्या बुंडेसलिगाच्या, म्हणजे देशपातळीवरच्या दुसऱ्या लीगच्या, दक्षिण गटात.

या ‘दक्षिण’ शब्दात जर्मन बास्केटबॉलचं निम्मं अर्थकारण दडलेलं आहे. नकाशावर आडवी ओढलेली एक रेष क्लबचा प्रवासखर्च ठरवते, सामन्यांचं वेळापत्रक ठरवते आणि बऱ्याच अंशी तरुण खेळाडूंना मिळणारा वेळही ठरवते. ती रेष समजली की बाहेरून किचकट वाटणारी ही लीग बरीच सोपी होते.

रेष कुठून आली

बास्केटबॉलची बुंडेसलिगा १९६६ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिली लीगच उत्तर आणि दक्षिण अशा दोन गटांत विभागलेली होती. देश अर्थातच पश्चिम जर्मनी. १९७५ मध्ये वरच्या लीगचा एकच गट झाला आणि तिच्या खाली दुसरी बुंडेसलिगा उभी राहिली. उत्तर-दक्षिण विभागणी तिच्या वाट्याला आली आणि तब्बल ३२ वर्षं टिकली.

पूर्व जर्मनीत वेगळंच चाललं होतं. तिथल्या सरकारने १९६९ मध्ये ऑलिंपिक पदकांचा हिशेब मांडला आणि ज्या खेळांत पदकं कमी येणार त्यांचा आधार काढून घेतला. बास्केटबॉल त्यातच गेला. १९९० नंतर पूर्वेचे क्लब एकत्रित व्यवस्थेत आले ते जवळपास शून्यातून. केम्निट्सला पहिल्या लीगमध्ये पोचायला २०२० उजाडलं, रोस्टॉकला २०२२.

२००७ मध्ये मोठा बदल झाला. दोन गटांत मिळून संघ खूप, पण पहिल्या लीगमध्ये टिकतील असे थोडे. वर गेलेला संघ तिथे पुरता चेपला जायचा. म्हणून दुसऱ्या बुंडेसलिगाचे शेजारी-शेजारी दोन भाग असत, ते आता एकावर एक रचले: वरचा ‘प्रो-ए’, खालचा ‘प्रो-बी’. दोन्ही देशभर एकाच गटात. प्रो-एला हे झेपलं. प्रो-बीला झेपलं नाही. तीनच हंगामांनंतर, २०१०-११ पासून, प्रो-बीची पुन्हा उत्तर आणि दक्षिण अशी फाळणी करावी लागली. दुसऱ्या पायरीवरून पुसलेली रेष एक पायरी खाली उतरून परत उमटली.

आजची उतरंड अशी: सगळ्यात वर बुंडेसलिगा, तिच्याखाली प्रो-ए, मग प्रो-बी उत्तर आणि प्रो-बी दक्षिण, आणि त्याखाली रेगिओनाललिगाचे, म्हणजे प्रादेशिक लीगचे, चार विभाग: उत्तर, पश्चिम, आग्नेय आणि नैर्ऋत्य. जर्मन माणूस प्रो-ए आणि प्रो-बी दोन्हींना मिळून ‘दुसरी बुंडेसलिगा’ म्हणतो. त्यामुळे बातमीत नुसतं ‘दुसरी लीग’ दिसलं तर ए की बी, हे आधी पाहावं. खेळाच्या दर्जात आणि पगारात दोहोंमध्ये मोठं अंतर आहे.

बसचा हिशेब

प्रो-बीला एक गट का झेपला नाही, याचं उत्तर बसच्या चालकाजवळ आहे.

युरोपीय संघाच्या नियमानुसार नऊपेक्षा जास्त माणसांची बस चालवणाऱ्याने दिवसात जास्तीत जास्त ९ तास गाडी चालवायची. आठवड्यातून दोनदा १० तासांपर्यंत सूट. साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची. शिवाय २४ तासांत सलग ११ तास झोप-आराम मिळायला हवा, म्हणजे कामाचा एकूण दिवस १३ तासांत बसवायचा. हा आराम ९ तासांवर आणता येतो, पण दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मधल्या काळात तीनदाच.

आता पाहुणा सामना ३५० किलोमीटरवर आहे असं धरू. बसचा सरासरी वेग ताशी ८० धरला तर एका बाजूचे जवळपास चार तास बावीस मिनिटं. सामना शनिवारी संध्याकाळी ७ वाजता. संघ दीड तास आधी हॉलमध्ये हवा: घोटे बांधायचे असतात, अंग गरम करायचं असतं, बास्केटवर हात बसवायचा असतो. म्हणजे दुपारी १ ला निघायचं, साडेपाचच्या आत पोचायचं. बास्केटबॉलचा सामना घड्याळात ४० मिनिटांचा, पण फाउल, टाइमआउट आणि मध्यंतर धरून पावणेदोन-दोन तास खातो. नऊच्या सुमाराला संपला. अंघोळ, पास्त्याचे डबे, पावणेदहाला बस निघाली. घरी पोचायला रात्रीचे २ वाजून गेले.

चालकाचं गाडी चालवणं झालं पावणेनऊ तास, मर्यादा नऊ. त्याचा एकूण दिवस झाला तेरा तासांच्या किंचित वर, म्हणजे कमी आरामाची एक सवलत वापरली गेली. सगळं नियमात बसलं, पण काठाकाठाने. वाटेत एक तासाची कोंडी झाली किंवा सामना दोनदा जादा वेळेत गेला, तर बसणार नाही.

हेच अंतर ५०० किलोमीटर केलं की एका बाजूचे सव्वासहा तास आणि वर सक्तीची विश्रांती. जाऊन-येऊन साडेबारा तास गाडी चालवणं एका चालकाला करता येत नाही. मग दोनच वाटा: दुसरा चालक घ्या, नाहीतर मुक्काम करा. बारा खेळाडू, दोन प्रशिक्षक आणि एक फिजिओ मिळून पंधरा जण, म्हणजे दोघांच्या आठ खोल्या. हॅम्बुर्ग ते म्युनिक तर रस्त्याने ७८० किलोमीटरच्या आसपास. नऊ तासांच्या मर्यादेत एका चालकाला तिथे नुसतं पोचणंही अवघड.

गटात १२ संघ असले की ११ पाहुणे सामने. सरासरी अंतर २५० किलोमीटर असेल तर हंगामाचा प्रवास ५,५०० किलोमीटर होतो, ४५० असेल तर ९,९००. पण खरा फरक किलोमीटरचा नाही, मुक्कामांचा आहे. पहिल्या हिशेबात बहुतेक रात्री संघ आपापल्या घरी झोपतो. प्रो-बीतले बरेच जर्मन खेळाडू विद्यापीठात शिकतात किंवा अर्धवेळ नोकरी करतात. शुक्रवारी दुपारी निघून रविवारी परत, हे त्यांना वर्षातून दोनदा जमेल, दहादा नाही.

पैसे वाचवायला काही संघ बस सोडून नऊ आसनी गाड्या घेतात. चालकासह नऊ माणसांपर्यंत मोटारीचा साधा परवाना चालतो आणि वरचे तासांचे नियम लागू होत नाहीत. पंधरा जणांना दोन गाड्या पुरतात. पण मग गाडी हाकतो साहाय्यक प्रशिक्षक किंवा आत्ताच तीस मिनिटं धावलेला खेळाडू, आणि बाहेर जानेवारीतला बर्फ. स्वस्तातली ही वाट आहे, शहाणपणाची नाही.

हंगाम कसा पुढे सरकतो

नियमित साखळी सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला चालू होते आणि मार्चपर्यंत चालते. प्रो-बीचा मूळ साचा १२ अधिक १२ संघांचा. प्रत्येक संघ आपल्या गटातल्या उरलेल्या अकरांशी दोनदा खेळतो, एकदा घरी आणि एकदा बाहेर, असे २२ सामने. विजयाला २ गुण, पराभवाला शून्य. बरोबरी नसतेच, गुण समान राहिले तर पाच-पाच मिनिटांचा जादा वेळ. प्रो-एमध्ये अलीकडे १८ संघ असतात, म्हणजे ३४ सामने आणि १७ प्रवास. तिथे बसचा हिशेब आणखी कडक होतो.

प्रो-बीत साखळी संपली की प्रत्येक गटातले पहिले आठ बाद फेरीत जातात आणि इथे रेष पहिल्यांदा ओलांडली जाते. उत्तरेतला पहिला खेळतो दक्षिणेतल्या आठव्याशी, दक्षिणेतला दुसरा उत्तरेतल्या सातव्याशी, अशा फुलीच्या जोड्या. तीनपैकी दोन सामने जिंकणारा पुढे. अंतिम फेरीतले दोन्ही संघ प्रो-एमध्ये जायला पात्र ठरतात, त्यामुळे खरी झुंज उपांत्य फेरीत होते. अंतिम फेरी कित्येक हंगाम दोन सामन्यांची, एकूण गुणांवर निकाल लावणारी होती. या पद्धतीत एक गंमत आहे: पहिला सामना बरोबरीत सुटला तर जादा वेळ देत नाहीत, ८२-८२ असा निकाल तसाच राहतो. फरक मोजायचा तो दोन्ही सामने मिळून.

खालच्या चौघांची वाट वेगळी. नववा ते बारावा संघ आपापल्या गटातच ‘प्लेडाउन’, म्हणजे घसरण टाळण्याची फेरी, खेळतात, पुन्हा प्रत्येकाशी दोनदा. साखळीतली कमाई सोबत येते, म्हणून बारावा संघ इथे आधीच मागे असतो. शेवटचे दोन रेगिओनाललिगात जातात. दोन गटांतून चार खाली आणि चार विभागांतून चार विजेते वर, असं हे गणित जुळवलेलं आहे. प्रत्यक्षात ते दर वर्षी तंतोतंत जुळत नाही, कारण वर येण्याचा हक्क मिळालेले सगळेच वर येत नाहीत. एखाद-दुसऱ्या हंगामात गटात संघ कमी-जास्त दिसले तर कारण बहुधा हेच असतं.

या सगळ्यात प्रेक्षक सर्वात जास्त गोंधळतो तो समान गुणांच्या नियमाने. दोन संघांचे तालिकेतले गुण समान असतील तर आधी पाहतात आपसातले सामने. तिथेही एक-एक झालं असेल, तर त्या दोन सामन्यांतला गुणफरक. पूर्ण हंगामाचा गुणफरक फार नंतर येतो.

समजा क्लब ‘क’ ऑक्टोबरमध्ये ‘ख’कडे जाऊन ७१-७९ असा ८ गुणांनी हरला. फेब्रुवारीत घरच्या सामन्यात १२ सेकंद उरलेत आणि ‘क’ ६ गुणांनी पुढे आहे. हॉलमधला अर्धा समुदाय टाळ्या वाजवतो आहे, जिंकलोच म्हणून. आणि प्रशिक्षक बाकावरून ओरडून तीन गुणांचा फटका मारायला सांगतो आहे, कारण त्याला ९ गुणांचा फरक हवा आहे. समोरचा प्रशिक्षक चेंडू शांतपणे धरून ठेवायला सांगतो, हरत असूनही. त्याला हा पराभव परवडतो. चेंडू ‘ख’कडे असेल तर ‘क’ मुद्दाम फाउल करतो: समोरच्याचे फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे मोफत फटके) चुकतील आणि चेंडू परत मिळेल या आशेवर. हे पाहताना नियम ठाऊक नसेल तर दोन्ही संघांना वेड लागलं आहे असं वाटेल. मुद्दाम स्वतःच्या बास्केटमध्ये चेंडू टाकून जादा वेळ ओढून आणावा, अशी युक्ती कुणाला सुचली तर तीही चालत नाही. तसा बास्केट धरला जात नाही आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याला मिळतो.

तीन संघ समान असले की त्या तिघांचीच एक छोटी तालिका मांडतात. मार्चमध्ये क्लबांचे व्यवस्थापक कागद-पेन्सिल घेऊन हेच करत बसलेले असतात.

पासपोर्ट आणि पाच फाउल

मैदानावर एका संघाचे पाच खेळाडू. प्रो-एमध्ये त्यांतले किमान दोन सतत जर्मन असायला हवेत, प्रो-बीत किमान तीन. बुंडेसलिगाचा नियम वेगळा आहे: तिथे बारा जणांच्या यादीत सहा जर्मन हवेत, मैदानावर किती उतरवायचे ते प्रशिक्षकाने ठरवावं.

‘यादीत’ आणि ‘मैदानावर’ या फरकाने संघबांधणी पार बदलते. यादीतल्या सहा जणांपैकी तिघांना बाकावर बसवून ठेवता येतं. मैदानावरच्या नियमात पळवाट नाही. प्रो-बीत एका वेळी दोनच परदेशी खेळू शकतात, म्हणून चौथ्या परदेशी खेळाडूला पगार देणं म्हणजे बाक सजवणं. बरेच क्लब अमेरिकेतल्या विद्यापीठांतून नुकतेच बाहेर पडलेले दोन-तीन खेळाडू घेतात: बहुधा एक चेंडू हाताळणारा गार्ड आणि एक बास्केटखाली उभा राहणारा मोठा माणूस. उरलेलं सगळं जर्मन मुलांवर.

घात होतो तो चौथ्या सत्रात. बास्केटबॉलमध्ये पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. संघाकडे भरवशाचे चारच जर्मन आहेत, एकाला चार फाउल, दुसऱ्याचा घोटा मुरगळलेला. पाचवा फाउल झाला तर त्याच्या जागी परदेशी खेळाडू आणता येत नाही, तो कितीही चांगला असो. जर्मनच आणावा लागतो, मग तो सतरा वर्षांचा शाळकरी का असेना. अनुभवी प्रशिक्षक म्हणूनच प्रतिस्पर्ध्याच्या चौथ्या-पाचव्या जर्मन खेळाडूकडे बारकाईने बघतात. तो कच्चा असेल तर पहिल्या तिघांवर चाल करून फाउल ओढायचे. आणि म्हणूनच बरा खेळणारा जर्मन गार्ड या लीगमध्ये हवाहवासा असतो. अमेरिकन सैनिक बाप आणि जर्मन आई असलेली, दोन्ही देशांत वाढलेली मुलं इथे पूर्वीपासून आहेत, त्यांनाही याच कारणाने मोठी मागणी.

याला जोडून आहे दुहेरी परवाना. मोठ्या क्लबचा तरुण खेळाडू एकाच हंगामात बुंडेसलिगातल्या आपल्या संघाकडून आणि खालच्या लीगमधल्या सहकारी संघाकडून खेळू शकतो. बर्लिनच्या आल्बा क्लबची मुलं शेजारच्या बर्नाऊच्या लोकोमोटिव्ह संघाकडून प्रो-बी उत्तरेत खेळत. फ्रांझ वॅग्नर त्यांतलाच. डेनिस श्र्योडर ब्राउनश्वाइगच्या दुसऱ्या लीगमधल्या संघातून वर आला. इझाक बोंगा फ्रँकफर्टच्या ज्युनिअर संघाकडून प्रो-बीत खेळला. योहानेस फोइग्टमन येनाकडून प्रो-एमध्ये, आंद्रेआस ओब्स्ट बाम्बर्गच्या सहकारी बाउनाख संघातून. १० सप्टेंबर २०२३ ला मनिलात सर्बियाला ८३-७७ ने हरवून जर्मनी पहिल्यांदा जगज्जेता झाला, तेव्हा हे पाचही जण त्या संघात होते आणि श्र्योडर स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बाराशे प्रेक्षकांच्या हॉलमध्ये, मैदानावर तीन जर्मन हवेतच या सक्तीखाली, अठराव्या वर्षी पंचवीस-तीस मिनिटं खेळायला मिळणं ही शिकवणी दुसरीकडे विकत मिळत नाही. लोक या लीगला खालची समजतात. या कामात ती वरच्या लीगपेक्षा मोलाची आहे.

दुहेरी परवान्याला एक काळी बाजूही आहे. एकाच शनिवारी दोन्ही संघांचे सामने असले आणि वरच्या संघात दोघे जखमी असले, की तरुणांना वर बोलावतात. खालचा संघ त्या दिवशी निम्मा उरतो. त्याच्याशी त्या शनिवारी गाठ पडलेल्याला दोन गुण सोपे. पुढच्या आठवड्यात गाठ पडेल त्याच्यासमोर पूर्ण संघ. तालिकेत या दोन विजयांची किंमत मात्र सारखीच. म्युनिकच्या बायर्नचा दुसरा संघ किंवा उल्मचा तरुण संघ दक्षिण गटात कधी जोरात, कधी थंड दिसतो, त्यामागे बऱ्याचदा वरच्या संघाचं वेळापत्रक असतं.

जिंकलात, पण परवाना?

मैदानावरचा विजय वर जाण्याचा हक्क देतो. प्रत्यक्ष जागा देतो परवाना. प्रत्येक क्लबने वसंतात पुढच्या हंगामाची कागदपत्रं द्यायची: ताळेबंद, प्रायोजकांचे करार, अंदाजपत्रक, हॉलचा करार. बुंडेसलिगासाठी किमान ३,००० प्रेक्षकांचा हॉल लागतो. प्रो-बीतले बरेच संघ शाळेच्या किंवा नगरपालिकेच्या क्रीडागृहात खेळतात, जिथे जमिनीवर हँडबॉल, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनच्या रंगीत रेषा एकमेकींवरून गेलेल्या असतात. दोन पायऱ्या चढायच्या तर आधी गावात हॉल उभा राहायला हवा, आणि तो खेळाडूंच्या हातात नसतो.

२०२१ चं उदाहरण यासाठी फार बोलकं आहे. प्रो-एच्या अंतिम फेरीत हायडेलबर्ग आणि लेव्हरकुसेन पोचले. लेव्हरकुसेन म्हणजे साधासुधा क्लब नव्हे: जर्मनीची १४ विजेतेपदं त्याच्या नावावर, दुसऱ्या कुणाकडे तेवढी नाहीत. २००८ मध्ये बायर कंपनीने हात आखडता घेतला, बुंडेसलिगातली जागा ड्युसेलडॉर्फला गेली आणि लेव्हरकुसेनला खालून पुन्हा चढावं लागलं. २०२१ मध्ये मैदानावर हक्क मिळूनही तो वर गेला नाही. हायडेलबर्ग एकटाच गेला. रिकाम्या राहिलेल्या जागेवर ‘वाइल्डकार्ड’ने, म्हणजे लीगच्या खास परवानगीने, गीसन राहिला, जो त्या वर्षी घसरणीच्या जागेवर होता. गीसन हा १९६६ मधला संस्थापक क्लब आणि बुंडेसलिगाचा पहिला विजेता. एका वर्षाची मुदत मिळाली, पुढच्याच हंगामाअखेर, २०२२ मध्ये, तो खाली गेलाच.

क्लब उत्साहात वर जातात तेव्हा चुकतं काय? उत्पन्न हळूहळू वाढतं आणि खर्च एकदम. मोठ्या हॉलचं भाडं, पूर्णवेळ कर्मचारी आणि महागडे खेळाडू पहिल्या दिवसापासून लागतात. प्रायोजक मात्र जुन्याच आकड्यावर असतो, तो ‘बघू’ म्हणतो. हागेनच्या फिनिक्स क्लबचा परवाना नोव्हेंबर २०१६ मध्ये, ऐन हंगामात, पैशांच्या अडचणीमुळे गेला. २०१७ मध्ये त्याने प्रो-एमधून नव्याने सुरुवात केली. लेव्हरकुसेनने न जाणं याच कारणाने समजून घ्यावं. चाहत्यांना ते बोचतं, पण दिवाळखोरीपेक्षा थांबणं बरं.

रेषेवरचे क्लब

उत्तर-दक्षिण म्हणताना वाटतं, देश सरळ दोन भागांत कापलाय. मधल्या पट्ट्यातल्या क्लबांना मात्र दर उन्हाळ्यात धाकधूक असते. हेसन, थुरिंगिया, सॅक्सनीतले संघ किंवा ऱ्हाईनकाठचे संघ दोन्ही बाजूंना खपतात. रेष कायमची ओढलेली नसते. त्या वर्षी कोण वर गेलं, कोण खाली आलं, परवाना कुणी सोडला हे पाहून दोन्ही गट पुन्हा भरले जातात. दक्षिणेतले तीन संघ गेले आणि उत्तरेतून एकच, तर मधल्यांपैकी कुणाला तरी पलीकडे जावं लागतं.

पलीकडे ढकललेल्या संघाचा प्रवास तर वाढतोच, त्याहून मोठा फटका शेजारच्या सामन्यांचा. चाळीस किलोमीटरवरच्या संघाशी घरचा सामना म्हणजे दोनशे पाहुणे प्रेक्षक, भरलेला हॉल आणि खाण्यापिण्याचा गल्ला. तो शेजारी दुसऱ्या गटात गेला की वर्षातली सर्वात मोठी कमाईची संध्याकाळ गेली. असे दोन सामने गमावलेला क्लब पुढच्या अंदाजपत्रकात एक खेळाडू कमी धरतो.

दुसरी अडचण तुलनेची. उत्तरेतला पहिला आणि दक्षिणेतला पहिला एप्रिलपर्यंत समोरासमोर येतच नाहीत. एका गटात तीन बलाढ्य संघ जमले तर तिथला पाचवा दुसऱ्या गटातल्या तिसऱ्यापेक्षा भारी असू शकतो, आणि तालिका हे सांगत नाही. म्हणून बाद फेरीच्या पहिल्या टप्प्यात ‘धक्कादायक’ निकाल लागतात, ज्यांना खरं तर धक्कादायक म्हणू नये. अंदाज बांधायचाच असेल तर क्रमांकापेक्षा शेवटच्या सहा सामन्यांत जर्मन खेळाडूंना किती मिनिटं मिळाली ते पाहावं. दमलेले तीन जर्मन घेऊन एप्रिलमध्ये उतरणारा संघ, पहिल्या क्रमांकाचा असला तरी, तिसऱ्या सामन्यात ढेपाळतो.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला असलेल्या मराठी वाचकांनी आपल्या शहराच्या आसपास असा संघ आहे का, ते शोधावं. शोधताना शहराचं नाव धरून शोधावं. क्लबचं नाव प्रायोजकाबरोबर बदलतं आणि तीन वर्षांपूर्वीच्या बातमीतला संघ आज वेगळ्याच नावाने खेळत असतो. सामने बहुधा शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी दुपारी असतात. जागा मिळाली तर अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसावं. तिथे चौघे जण असतात: गुणपत्रक भरणारा, त्याचा मदतनीस, सामन्याचं घड्याळ सांभाळणारा आणि २४ सेकंदांचं घड्याळ सांभाळणारा. हल्ल्याला २४ सेकंद मिळतात. फटका रिंगला लागून चेंडू परत हल्ला करणाऱ्याकडेच आला तर २४ नव्हे, १४ सेकंद लावायचे असतात. तो चौथा माणूस बटणावर बोट ठेवून दोन तास डोळ्याची पापणी न लववता बसलेला असतो. सामना संपला की हँडबॉलच्या रेषांवर चिकटवलेल्या प्रायोजकांच्या पट्ट्या सोलून काढायलाही बहुतेक वेळा अशीच क्लबची माणसं खाली उतरतात, कारण सोमवारी सकाळी त्याच हॉलमध्ये शाळेचा तास असतो.